कौलापासून समुपदेशकापर्यंत : सिंधुदुर्गातील मनाच्या आरोग्याचा इतिहास

मालवण, देवगड, वेंगुर्ले, कुडाळ या भागांत मनाचे दुखणे आले की पूर्वी पहिली धाव ग्रामदेवतेच्या देवळाकडे असे. काही घरांत ती आजही तिकडेच असते. माणसाची झोप उडाली, तो एकटाच बडबडू लागला, बाळंतिणीने पोराला जवळ घ्यायचे सोडले किंवा शाळेत जाणारी मुलगी दातखीळ बसून पडली, की घरची मंडळी कौल लावायला निघत. मालवणी बोलीत अशा माणसाला 'खुळावलो' म्हणत, 'लागीर झाला' म्हणत, आणि कारण शोधायचे तर 'देवस्की', म्हणजे देवाभुतांची बाधा, बघावी लागे.

कौल लावायची रीत गावागावांत थोडी बदलते, पण गाभा एकच. देवाच्या पाषाणावर नेमून दिलेल्या जागी भिजवलेले तांदूळ, पाकळ्या किंवा फुलांचे कळे चिकटवतात. गुरव किंवा घाडी देवासमोर गाऱ्हाणे घालतो. कोणाच्या घरात काय घडले, कधीपासून घडते आहे, घरच्यांना काय हवे आहे, हे तो मोठ्याने आणि सविस्तर सांगतो. भोवतीची माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणून प्रत्येक वाक्याला साथ देतात. मग सगळे पाषाणाकडे बघत थांबतात. उजवा कळा सुटला तर होकार, डावा सुटला तर नकार. उत्तर मनाजोगते नसेल तर प्रश्न फिरवून पुन्हा विचारला जातो. जत्रेत किंवा दहीकाल्याला ज्याच्या अंगात 'अवसर' येई, त्यालाही लोक हेच प्रश्न विचारत.

या रीतीत मनाला आधार देणाऱ्या काही गोष्टी निश्चित होत्या. घरात कोंडलेले दुःख चार लोकांसमोर उच्चारले जाई. आजाऱ्याला कोणी आळशी, नाटकी किंवा भेकड ठरवत नसे, कारण दोष त्याच्या स्वभावाचा नसून बाहेरून आलेल्या बाधेचा मानला जाई. पुढे काय करायचे ते ठरे आणि ते करण्यात सगळे घर गुंते. हलक्या चिंतेने किंवा शोकाने खचलेले माणूस एवढ्याने सावरत असेल तर त्यात नवल नाही. पण दुसरी बाजू फार कठोर होती. भूत उतरवण्यासाठी मारहाण होई, मिरच्यांची धुरी दिली जाई. बाधा कोणी केली याचा शोध सुरू झाला की बोट हमखास एखाद्या एकट्या बाईकडे किंवा भावकीतल्या वैऱ्याकडे वळे. अपस्मार किंवा स्किझोफ्रेनियासारख्या आजारात उपचाराची सर्वांत मोलाची वर्षे नारळ उतरवण्यात निघून जात. ही हानी परंपरेच्या प्रेमापोटी झाकण्यासारखी नाही.

सगळ्या गावाने मिळून पाळायचे रिवाजही होते. मालवण तालुक्यातील आचरे गावाची गावपळण त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल घेऊन गाव तीन दिवस आणि तीन रात्री रिकामे केले जाते. माणसे गुरेढोरे आणि कोंबड्यांसह वेशीबाहेर जातात, झावळ्यांच्या राहुट्या उभारतात, तिथेच रांधतात, भजने म्हणतात, खेळतात, आणि पुन्हा कौल घेऊनच घरी परततात. चिंदर आणि मुणगे या गावांतही ही रीत आहे. भुताखेतांना गाव मोकळे करून द्यायचे, अशी त्यामागची समजूत सांगितली जाते. समजूत काहीही असली तरी त्या दिवसांत बंद घरांची कुंपणे उरत नाहीत, रोज न बोलणारी माणसे एका चुलीभोवती बसतात आणि मुलांना शाळेच्या वेळापत्रकाबाहेरचे, मोठ्यांच्या सोबतीचे दिवस मिळतात.

श्रद्धेचा मनावर आणि शरीरावर परिणाम कसा होतो, याचा पहिला शास्त्रीय विचार करणाऱ्यांपैकी एक माणूस याच किनारपट्टीवर जन्मला होता. आबे फारिया, म्हणजे जोझे कुस्तोदियु द फारिया, यांचा जन्म १७५६ साली गोव्याच्या बारदेशातील कांदोळी गावात झाला. वडिलांबरोबर ते लिस्बनला गेले, रोममध्ये शिकून पाद्री झाले आणि पुढे पॅरिसमध्ये स्थायिक झाले. त्या काळी युरोपात मेस्मरच्या मताचा बोलबाला होता. संमोहन करणाऱ्याच्या देहातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याने समोरच्याला झोप लागते, असे ते मत. फारियांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले आणि असा कोणताही द्रव नसतो, झोपेचे कारण झोपणाऱ्याच्याच मनात, त्याच्या अपेक्षेत आणि एकाग्रतेत असते, असे मांडले. त्यांचा ग्रंथ १८१९ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, निघाला. त्यांच्या हयातीत त्यांची टवाळीच जास्त झाली. पुढे फ्रान्समधल्या नान्सी येथील संमोहनतज्ज्ञांनी सूचनेचे सामर्थ्य मांडले तेव्हा फारियांचे म्हणणे खरे ठरले. फारियांनी कोकणातल्या अवसरावर काही लिहिलेले नाही. तरीही देवळात कौल मिळाल्यावर थरथरणारे माणूस शांत का होते, याचे उत्तर त्यांच्या सिद्धान्तात सापडते. गोव्यातल्या मनोरुग्णालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

सरकारी उपचार या भागात आले ते बंदोबस्ताच्या रूपाने. १८५८ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांची इस्पितळे चालवण्याचे नियम ठरले. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, धारवाड, अहमदाबाद आणि सिंधमधले हैदराबाद येथे अशी इस्पितळे होती. त्यांच्या जोडीला १८८६ साली रत्नागिरीचे इस्पितळ आले. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते, तर सावंतवाडी हे वेगळे संस्थान होते. त्याच १८८६ साली ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा यालाही रत्नागिरीत आणून ठेवण्यात आले. ज्यांना जगाच्या नजरेपासून दूर ठेवायचे त्यांच्यासाठी सरकारला हे बंदर सोयीचे वाटत होते, असे म्हणायला जागा आहे.

मालवणच्या माणसाला रत्नागिरी गाठणे म्हणजे आगबोटीचा प्रवास. खाड्यांवर पूल नव्हते आणि पावसाळ्यात आगबोटी बंद असत. त्यामुळे इस्पितळात जाई तो बहुधा रस्त्यावर भटकणारा, मारामारी करणारा किंवा घरच्यांना न आवरणारा रुग्ण. त्याला पोलीस पकडत, मॅजिस्ट्रेट हुकूम काढत आणि मग त्याची रवानगी होई. घरात गप्प बसून सुकत जाणारी सून किंवा अभ्यासातून मन उडालेला मुलगा या व्यवस्थेच्या नजरेत कधी येतच नसे. १९१२ च्या कायद्याने नियम अधिक तपशिलात बांधले, पण पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांची साखळी तशीच राहिली. पुढे इस्पितळांची नावे बदलून 'मेंटल हॉस्पिटल' झाली. कोकणी घरांत मात्र 'रत्नागिरीला पाठवला' एवढे म्हटले की बाकी सांगावे लागत नसे.

या इस्पितळांच्या दप्तराची एक मोठी परीक्षा १८९३-९४ मध्ये झाली आणि तिची हकीकत मनाच्या संशोधनाच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखी आहे. गांजा, चरस आणि भांग यांनी माणसे वेडी होतात, असा समज सरकारात पक्का झाला होता, कारण देशभरच्या इस्पितळांच्या नोंदींत वेडाचे कारण म्हणून गांजाच पुन्हा पुन्हा लिहिलेला आढळे. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने ही नोंद होते कशी, याचा माग काढला. रुग्णाबरोबर एक वर्णनपत्र येई. त्यात नाव, वय, जात, धंदा यांच्याबरोबर 'कारण' असाही रकाना असे. तो भरणारा बहुतेक वेळा पोलीस. त्याला रुग्णाची पूर्वकथा माहीत नसे, नातेवाईक जवळ नसत आणि रकाना रिकामा ठेवून चालत नसे. माणूस कधी गांजा ओढत होता एवढे कानावर आले की कारण ठरले. आयोगाने १८९२ सालात दाखल झालेल्यांची प्रकरणे नव्याने तपासली तेव्हा गांजाच्या नावावर मांडलेल्यांपैकी अनेक प्रकरणे टिकली नाहीत. अतिसेवनाने मनाला अपाय होऊ शकतो, पण बेताच्या सेवनाने वेड लागते असे दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. घाडी भुताखेताचे नाव घेई आणि पोलीस गांजाचे. दोघांनाही कारण हवे होते आणि दोघांनीही आजाऱ्याला पुरते विचारलेले नव्हते.

शिरगणतीतही वेड मोजले जाई. १८८१ पासून १९३१ पर्यंत दर दहा वर्षांनी बहिरेमुके, अंध आणि महारोगी यांच्याबरोबर वेड्यांचीही नोंद होई. प्रगणक घराच्या पडवीत बसून प्रश्न विचारी आणि घरमालक उत्तर देई. लग्नाच्या वयाची मुलगी असलेल्या घरात त्याला काय उत्तर मिळत असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. १९३१ नंतर ही मोजणी थांबली.

विसाव्या शतकात किनाऱ्यावरचे तरुण मुंबईला गेले आणि त्यांच्यामागोमाग मनाच्या दुखण्याची वाटही मुंबईकडे वळली. गिरणीत साचा चालवणारा चाकरमानी चाळीतल्या गावाच्या खोलीत वीसपंचवीस माणसांबरोबर राही. बायको, मुले आणि म्हातारी गावाला असत. मनिऑर्डर आणि पत्र एवढाच दुवा. मे महिन्यात आणि गणपतीत तो परते तेव्हा मुलाला बाप पाहुण्यासारखा वाटे. सिंधुदुर्गातील मुलांच्या कित्येक पिढ्या अशा रीतीने आजीच्या आणि आईच्या हाताखाली वाढल्या. १९०१ पासून आजतागायत या भागात पुरुषांपेक्षा बायका जास्त राहिल्या आहेत. २०११ च्या जनगणनेतही सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. त्या आकड्यात बापाविना वाढलेली बालपणे दडलेली आहेत.

मुंबईत याच काळात मुलांच्या मनाचा विचार संस्थांच्या पातळीवर सुरू झाला. १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क स्थापन झाले आणि १९३७ साली त्याने बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केले. भारतातले हे अशा प्रकारचे पहिले केंद्र. शाळेतून पळणारी, अंथरूण ओले करणारी, चोरी करणारी किंवा अबोल झालेली मुले तिथे येत. त्यांना शिक्षा करण्याऐवजी डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता मिळून घराची, शाळेची आणि शरीराची चौकशी करत. पुढे केईएम रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांनी मनोविकार विभाग उभा केला आणि पातंजल योगावर आधारलेल्या उपचारपद्धतीवर संशोधन केले. लालबाग-परळच्या गिरणगावात राहणाऱ्या कोकणी माणसाला हा विभाग चालत जाण्याच्या अंतरावर होता. गावाकडच्या त्याच्या भावाला तो अर्थातच नव्हता.

मुलांची बुद्धी मोजण्याचे काम मराठीत कसे आले, हा या इतिहासाचा फार महत्त्वाचा भाग आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन कसोटी केली. अमेरिकेत तिची सुधारलेली आवृत्ती १९१६ साली निघाली. तिचे कानडी आणि मराठी मुलांसाठी रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडमध्ये केले. त्यांचे संशोधन १९३४ साली प्रसिद्ध झाले आणि त्यावरचे पुस्तक १९४० साली आले. परक्या देशातले प्रश्न नुसते भाषांतरित करून भागत नाही, मुलाच्या रोजच्या जगातल्या वस्तू, नाणी, चित्रे आणि प्रसंग त्यात यावे लागतात, हे या कामाने दाखवले. कोणत्या वयाच्या किती मुलांना कोणता प्रश्न सुटतो, हे पाहून प्रत्येक प्रश्नाची जागा नव्याने ठरवावी लागते. मुंबई इलाख्यात ही कसोटी अनेक वर्षे वापरात राहिली.

मालवणच्या बंदरावरच्या मुलाला मात्र तिने कितपत पकडले असते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. रापण ओढताना किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी माणसे दोर धरतात. जाळे ओढून झाले की मासळीचे वाटे पडतात. जाळ्याच्या मालकाचा वाटा निराळा, होडीचा निराळा, ओढणाऱ्यांचे निराळे, आणि मदतीला धावलेल्या पोरालाही मूठभर मासळी मिळते. दहा वर्षांचे मूल हे सगळे पाहून मनातल्या मनात भागाकार करते, भरती-ओहोटीच्या वेळा चंद्राच्या तिथीवरून सांगते, वारा फिरला की होडी कुठे लागेल ते ओळखते. वर्गात त्याच मुलाला 'ढ' म्हटले जाते, कारण पाटीवरचा हिशेब त्याने याआधी कधी पाटीवर केलेला नसतो. कसोटीच्या शास्त्राला या मुलाची बुद्धी दिसायची तर कसोटी किनाऱ्यावर नेऊन ठरवायला हवी होती.

शाळांत मुलाच्या मनाची जाण मुख्यतः चांगल्या शिक्षकांमुळे आली. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. ध्येय आणि गरिबी यांच्या ओढाताणीत सापडलेल्या तरुणांचे मन त्यांच्या कादंबऱ्यांत उतरले ते या काळातल्या अनुभवावर. याच परिसरातल्या आरवलीच्या जयवंत दळवींनी पुढे घराण्यातल्या वेडाची छाया, दडपलेल्या वासना आणि एकाकी म्हातारपण मराठी रंगभूमीवर आणले. त्यांचे 'बॅरिस्टर' हे नाटक पाहिलेल्या प्रेक्षकाला मनाचा आजार हा चेष्टेचा विषय वाटणे कठीण झाले. बालवयाकडे पाहण्याची दृष्टी बदलण्यात ताराबाई मोडकांचा वाटा मोठा. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कामातून आणि पुढे बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांतून, लहान मूल मारून शिकत नाही, हे मराठी शिक्षकाला पटू लागले. कोकणातल्या शाळांतली छडी एकदम गेली नाही, पण तिच्या बाजूने बोलणारे हळूहळू कमी झाले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५० साली व्यवसाय मार्गदर्शनाची सरकारी संस्था मुंबईत उघडली. मुलाचा कल आणि क्षमता तपासून त्याला वाट दाखवावी, शिक्षकांना त्याचे प्रशिक्षण द्यावे, ही त्यामागची कल्पना होती. माध्यमिक शिक्षणासाठी नेमलेल्या १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानेही मार्गदर्शनावर भर दिला. मालवण-वेंगुर्ल्याच्या मुलाला मात्र वाट दाखवायला दुसरे कोणी लागत नव्हते. मॅट्रिक झाले की काकाच्या किंवा मामाच्या खोलीवर मुंबईला जायचे, हे ठरलेलेच असे.

ही ठरलेली वाट १९८२ साली तुटली. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि त्यानंतर काही महिन्यांतच, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप कधी रीतसर संपलाच नाही. कोकणातले हजारो कामगार गावी परतले. मनिऑर्डर थांबली, शिकणाऱ्या मुलांची फी अडली, आणि आयुष्यभर घराचा कमावता म्हणून मान मिळालेला माणूस पडवीत बसून राहू लागला. दारू, भांडणे आणि अबोला यांनी किती घरे पोखरली याची आठवण गावागावांतल्या लोकांजवळ आहे. योगायोगाने त्याच १९८२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर केला. मोठ्या इस्पितळाऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रात मनाचे उपचार मिळावेत, हे त्याचे सूत्र होते. जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम मात्र १९९६ साली, तोही देशातल्या मोजक्या जिल्ह्यांत, सुरू झाला. तोवर सिंधुदुर्गाचा रुग्ण रत्नागिरीच्या ३६५ खाटांच्या मनोरुग्णालयात, कोल्हापूरला किंवा गोव्यात जात होता. दक्षिणेकडच्या तालुक्यांना गोवाच सर्वांत जवळ पडे.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे अंतर आणखी एका ठिकाणी बोचले. वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्राने १९९६ साली देशात पुढाकार घेतला. अशा मुलाची बुद्धी चांगली असते, पण अक्षरे उलटसुलट होतात, जोडाक्षरे सुटतात, पाढे लक्षात राहत नाहीत. त्याला जादा वेळ, लेखनिक किंवा विषयात सूट मिळू शकते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र देणारी केंद्रे मात्र अनेक वर्षे मुख्यतः मुंबईच्या मोठ्या महापालिका रुग्णालयांत होती, आणि तपासण्या एका भेटीत संपत नसत. कणकवलीच्या किंवा देवगडच्या आईबापांनी मुलाला घेऊन किती खेपा घालायच्या? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीचा समावेश झाल्यावर हा हक्क देशभर मान्य झाला.

या किनाऱ्याला सर्वांत लागू पडणारे आधुनिक संशोधन शेजारच्या गोव्यात झाले. १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'संगत' ही संस्था स्थापन केली. तिच्या संशोधकांनी १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलामुलींचा अभ्यास करून २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निदान होण्याजोगा मानसिक विकार १.८१ टक्के मुलांत आढळला. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांपेक्षा हे प्रमाण बरेच कमी होते. अभ्यासातली अडचण, मार किंवा शिवीगाळ, परिसरात असुरक्षित वाटणे आणि तंबाखू यांचा विकारांशी संबंध दिसला. ज्या मुलांना अडचणीत पहिला आधार घरच्यांचा वाटत होता, त्यांच्यात विकार कमी होते. मालवणी घरात हा निष्कर्ष वाचून कोणाला आश्चर्य वाटणार नाही. पण तो संख्येने सिद्ध झाल्याने मार हा शिस्तीचा भाग आहे, ही जुनी समजूत खोडून काढायला आधार मिळाला.

त्याच संस्थेचा दुसरा प्रयोग 'मानस' या नावाने ओळखला जातो. गोव्यातल्या १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखान्यांत तो झाला. डॉक्टरी शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना थोड्या काळाचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले गेले. उदासी आणि चिंता यांनी ग्रासलेल्या रुग्णाशी ते बोलत, आजार समजावून देत, श्वसन आणि योग शिकवत, नात्यांतले ताण उलगडत, आणि गरज असेल तर डॉक्टर औषध देत. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले, तेव्हा सरकारी दवाखान्यांत या पद्धतीने रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसले. मनोविकारतज्ज्ञ कमी असलेल्या जिल्ह्यांसाठी ही मोठी गोष्ट होती. घाडी जे काम श्रद्धेच्या बळावर करत आला, म्हणजे जवळच्या माणसाने बसून ऐकणे, त्याला इथे पद्धतशीर शिक्षणाची आणि तपासणीची जोड मिळाली.

मराठी वाचकापर्यंत ही भाषा पोचवण्याचे श्रेय काही व्यक्तींना जाते. किशोर फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली. परिस्थितीपेक्षा तिच्याबद्दलचा हट्टी विचार माणसाला जास्त खचवतो, हे त्यांनी मराठी माणसाच्या रोजच्या उदाहरणांतून समजावले. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था उभी केली. तिच्या 'वेध' या कार्यक्रमात वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या माणसांच्या मुलाखती शेकडो विद्यार्थी आणि पालक एकत्र बसून ऐकतात. अंगात येणे आणि भूतबाधा यांमागचे मनाचे व्यापार गावोगाव समजावण्याचे काम डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने १९८९ पासून केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाला आणि त्यानंतर महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे आता गुन्हा आहे. देवळातल्या साध्या गाऱ्हाण्याच्या आड हा कायदा येत नाही.

दरम्यान कोकणातल्या मुलांवर एक नवे ओझे आले, ते यशाचे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांचे स्वतंत्र कोकण परीक्षा मंडळ २०१२ पासून सुरू झाले. तेव्हापासून दहावीच्या निकालात ते राज्यात पहिले येत आले आहे. २०२४ साली राज्याचा निकाल ९५.८१ टक्के होता, कोकणचा ९९.०१. हे यश अभिमानाचे आहे. मात्र जिथे जवळपास सगळेच पास होतात तिथे नापास झालेले मूल फार एकटे पडते, आणि पास झालेल्यापुढे गाव सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. २००१ साली ८,६८,८२५ असलेली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली ८,४९,६५१ झाली. शिकलेली मुले पुणे-मुंबई-गोव्याला गेली. दहावीनंतर कुठे जायचे, याला उत्तर म्हणून राज्याच्या परीक्षा मंडळाने २०१६ साली दहावीच्या सगळ्या विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तंत्र आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांत मुलाची आवड तीत पाहिली जाई. ही चाचणी काही वर्षे चालली. आवड कळली तरी त्या क्षेत्राचे महाविद्यालय तालुक्यात नसेल तर मुलाचा निर्णय एसटीच्या वेळापत्रकावर आणि घरच्या पैशांवरच ठरे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दीडशे वर्षांची दिशा बदलली. २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्याने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी आधार द्यायचा, हे कलम ११५ ने सांगितले. ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलिमानस ही सेवा सुरू झाली आणि १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलण्याची सोय झाली. ओरोस येथे २०२१ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने मोठ्या रुग्णालयाचे अंतरही बरेच कमी झाले.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभरच्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. सिंधुदुर्गातील जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांचा पट या आकड्याच्या खूप खाली आहे. वाडीवरच्या शाळेत दोन शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात. अशा लहान संस्थांसाठी न्यायालयाने वेगळी अट घातली आहे. त्यांनी बाहेरच्या मानसिक आरोग्य तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून ठेवायची आणि गरज दिसलेल्या मुलाला त्यांच्याकडे पाठवायचे. या जिल्ह्यात ती जोडणी शाळेतले शिक्षक, गावच्या आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ओरोसचे रुग्णालय यांच्यामध्ये घडायची आहे.